खाऱ्या हवेतला ट्रान्सफॉर्मर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जहाजांवरील वीजव्यवस्थेविषयी या सदरात मागे लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विषय होता : समुद्रावर वापरायच्या ट्रान्सफॉर्मरला कोणते संरक्षण लागते. काही पत्रांत ट्रान्सफॉर्मरचे समुद्रापासून रक्षण कसे करावे हे विचारले आहे, तर एका पत्रात समुद्राचे ट्रान्सफॉर्मरपासून रक्षण कसे करावे हे. दोन्ही प्रश्न एकाच विषयाचे असल्यामुळे त्यांना येथे एकत्र घेत आहे.

प्रश्न : नाशिकजवळच्या एका कारखान्यात आम्ही इमारतींसाठी कोरडे (ड्राय टाइप, म्हणजे तेलाऐवजी हवेने गार होणारे) ट्रान्सफॉर्मर तयार करतो. जहाजदुरुस्ती करणाऱ्या एका कंत्राटदाराने ४४०/२३० व्होल्टचा, १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागितला असून अपेक्षा एका ओळीत लिहिली आहे : ‘सागरी वापरासाठी, आयपी ५६’ (आयपी म्हणजे पेटी धूळ आणि पाणी किती रोखते त्याचा दर्जा). आमच्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरवर आयपी ५६ ची पेटी चढवली की काम भागेल, असे आमच्या उत्पादन विभागाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : भागणार नाही. ती एक ओळ जशीच्या तशी स्वीकारून आपण दर दिलात, तर त्यात कंत्राटदारापेक्षा आपलेच नुकसान अधिक होईल. त्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो ट्रान्सफॉर्मर जहाजावर नेमका कोठे बसणार, हा. उघड्या डेकवर, जेथे लाटेचे पाणी थेट अंगावर येते, तेथे आयपी ५६ मागतात ते रास्तच आहे. परंतु एवढा ट्रान्सफॉर्मर उघड्या डेकवर सहसा कोणी ठेवत नाही. तो इंजिन रूममध्ये किंवा शेजारच्या स्वतंत्र खोलीत बसतो. इंजिन रूममध्ये फरशीच्या पत्र्यांच्या वर साधारणपणे आयपी २२ पुरेसे मानले जाते, आणि पत्र्यांच्या खाली किंवा जेथे पाणी उडण्याची शक्यता आहे अशा जागी आयपी ४४ लागते. जागा न विचारता सर्वांत मोठा आकडा लिहून टाकणे ही खरेदी विभागांची जुनी खोड आहे, आणि ती निरुपद्रवी नाही.

ती निरुपद्रवी का नाही, याचे कारण उष्णतेत आहे. १०० केव्हीएचा कोरडा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला ढोबळमानाने दोन-अडीच किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे पेटीच्या आत दोन इस्त्र्या रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे आहे. इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरला खाली-वर जाळ्या असतात, त्यांतून गार हवा आत शिरते आणि तापलेली वर निघून जाते. आयपी ५६ च्या पेटीला जाळीच नसते, त्यामुळे ती सगळी उष्णता पत्र्याच्या भिंतींतून झिरपून बाहेर पडावी लागते. त्यातच जमिनीवरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी कमाल ४० अंश सेल्सिअस सभोवतालचे तापमान धरतात, तर जहाजांच्या नियमांत ते ४५ अंश धरले जाते. एफ वर्गाच्या (किती उष्णता सोसते त्यावरून ठरलेल्या एका वर्गाच्या) इन्सुलेशनला जमिनीवर १०० अंशांची तापमानवाढ चालते, ती येथे ५ अंशांनी कमी धरावी लागते. म्हणजे आपला नेहमीचा ट्रान्सफॉर्मर, नेहमीच्याच क्षमतेच्या पाटीसह, बंद पेटीत घालून दिला, तर तो पाण्याने बिघडणार नाही हे खरे, पण आतल्या आत शिजून बिघडेल. उपाय तीनच : तांबे आणि गाभा वाढवून उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज कमी करायची, क्षमता कमी लिहायची, किंवा पेटीत पाण्याचा कूलर बसवायचा. तिन्हींना पैसे लागतात, म्हणून दर देण्याआधीच जागा विचारायची.

आता आयपीच्या आकड्याविषयी. पहिला अंक धूळ आणि बोटे किती आत जाऊ शकतात ते सांगतो, दुसरा अंक पाणी किती रोखले जाते ते सांगतो. ही पाण्याची चाचणी गोड्या पाण्याची असून ती काही मिनिटांत संपते. त्या पेटीवर सहा वर्षे खारी हवा वाहत राहिली तर पत्र्याचे काय होईल, किंवा पेटीच्या आत दव धरेल का, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात नाहीत. आणि समुद्रावर ट्रान्सफॉर्मर बिघडतो तो बहुधा याच दोन कारणांनी.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. शुद्ध मिठाला पाणी सुटायला हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्के लागते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी सुटू लागते. त्यामुळे समुद्रावरून आलेला क्षाराचा थर कोरड्या भासणाऱ्या हवेतही ओलसरच राहतो. ओला क्षार विजेला वाट देतो. वाइंडिंगच्या (तारेच्या गुंडाळीच्या) पृष्ठभागावर तो बसला, की ज्या अंतराच्या भरवशावर आपण दोन टोके वेगळी ठेवली ते अंतर कागदावरच राहते.

या दृष्टीने आयपीपेक्षा अधिक उपयोगी मागणी आहे ती कोरड्या ट्रान्सफॉर्मरच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६००७६-११ या मानकातील पर्यावरण वर्गाची. ई-० म्हणजे दव नाही, प्रदूषण नगण्य. ई-१ म्हणजे कधीमधी दव. ई-२ म्हणजे वारंवार दव किंवा भरपूर प्रदूषण, किंवा दोन्ही. ई-२ च्या चाचणीत ट्रान्सफॉर्मर धुक्याच्या खोलीत सहा तास ठेवतात आणि त्या धुक्याच्या पाण्यात मुद्दाम मीठ घालतात, जेणेकरून त्याची वाहकता मीटरला ०.५ ते १.५ सीमेन्स भरेल. त्यानंतर लगेच त्यावर विद्युतदाब देऊन ठिणगी पडते का ते पाहतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स असते, हे लक्षात घेतले म्हणजे ई-२ ही कमाल नसून किमान अपेक्षा आहे, हे पटेल. त्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत ई-३ आणि ई-४ असे वरचे वर्ग आले ते उगाच नव्हे.

उरले जहाजाचे हलणे. मुख्य आणि साहाय्यक यंत्रसामग्रीने जहाज एका अंगाला १५ अंश कायम कललेले असताना आणि २२.५ अंशांपर्यंत डोलत असताना काम केले पाहिजे, असा वर्गीकरण संस्थांचा (जहाजे तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांचा) एकत्रित नियम आहे. आणीबाणीच्या उपकरणांना कायमच्या कलासाठीही २२.५ अंशच लावतात. शिवाय प्रोपेलर आणि इंजिनांची थरथर अखंड चालू असते. आपल्या कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर ट्रकमधून एकदा प्रवास करतो, येथे तो आयुष्यभर ट्रकमध्येच बसलेला असतो असे समजा. वाइंडिंगखालच्या पाचरी, गाभा आवळणारे बोल्ट, टर्मिनलचे नट या सगळ्यांना लॉकिंग हवे. जोड तांबे-अॅल्युमिनियमचा असेल तर कथिलाचा मुलामा हवा, कारण ओल्या क्षारात ते दोन धातू एकमेकांना खातात. आणि पेटीला रंग आतूनही द्या. बाहेरून चकचकीत आणि आतून नुसता प्रायमर मारलेल्या पेट्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की आता मी आधी दार उघडतो आणि मगच पाटी वाचतो.

हे सर्व लिहून झाल्यावर शेवटी एक विचारा : जहाज कोणत्या वर्गीकरण संस्थेकडे आहे? ती इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असेल तर तिचे मुख्यालय पवईलाच आहे. आपले रेखाचित्र मंजुरीसाठी तिथे जाणारच आहे, तेव्हा ते ट्रान्सफॉर्मर बनवण्याआधी गेलेले बरे.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, व्यापारी जहाजावर ईटीओ (विद्युत-तांत्रिक अधिकारी) आहे. आमचे जहाज तीन आठवडे नांगरून होते. त्या काळात प्रकाशव्यवस्थेच्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी राखीव ट्रान्सफॉर्मर बंद होता. सुरू करण्याआधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावला तर वाचन एक मेगाओहमच्याही खाली आले. चालू असलेला ट्रान्सफॉर्मर, जो वयाने तेवढाच आणि शेजारीच आहे, त्याचे वाचन उत्तम. बंद असलेलाच कसा बिघडला?

उत्तर : बिघडला नसावा, ओला झाला असावा, आणि मेगर लावल्याशिवाय तो सुरू केला नाहीत हे आपण फार शहाणपणाचे केलेत.

चालू ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या उष्णतेने स्वतःला कोरडा ठेवतो. बंद झाला की तो गार होतो, पेटीतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते. दुपारी इंजिन रूम तापली की तीच हवा पुन्हा बाहेर. असा श्वासोच्छ्वास तीन आठवडे चालला, तर ओलावा आत येतो आणि त्याच्याबरोबर क्षारही येतो. पहाटे पोलाद आणि रेझिन (वाइंडिंगवरचे प्लास्टिकसारखे आवरण) हवेपेक्षा थोडे गार असतात, तेव्हा त्यांवर दव धरते. म्हणजे आपल्या जहाजावरचा चालू ट्रान्सफॉर्मर उत्तम आणि राखीव ओला, हे जे आपल्याला विपरीत वाटते, ते अगदी अपेक्षित आहे.

यासाठीच पेटीत तळाशी हीटर असतो. ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर उघडला की तो आपोआप चालू व्हावा आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा थोडे अंश वर राहावे, एवढेच त्याचे काम. आपला हीटर चालतो का हे आधी पाहा. पुष्कळदा त्याचा फ्यूज कधीकाळी उडालेला असतो, आणि हीटर चालू नसल्याची सूचना कोठेच येत नसल्यामुळे ते वर्षभर कोणाच्या ध्यानात येत नाही. हीटरच्या फीडरवर साधा दिवा लावून घेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता ट्रान्सफॉर्मर वाळवा, पण त्याआधी पुरवठा तोडून, अर्थिंग करून पेटी उघडा आणि बॅटरीच्या प्रकाशात वाइंडिंग तिरक्या कोनातून पाहा. टर्मिनलच्या कडेला पापडखारासारखी पांढरी भुकटी आणि तांब्यावर हिरवट डाग असतील, तर तो क्षार आहे. तो नुसत्या गरम हवेने जात नाही : पाणी उडून जाते, मीठ तेथेच राहते आणि पुढच्या दमट रात्री मेगर पुन्हा खाली येतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कारण त्याने भुकटी वाइंडिंगच्या फटींत खोल जाऊन बसते. व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि क्षार चिकटलेला असेल तर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे गोड्या, शक्यतो आयनविरहित पाण्याने पुसून नंतर वाळवा.

एक गोष्ट मात्र दिसली तर वाळवण्याचा विचार सोडा. किनाऱ्याच्या एका गोदीत दुरुस्तीला आलेल्या बार्जवर मी एक कास्ट रेझिन ट्रान्सफॉर्मर पाहिला होता. दोन वाइंडिंगांच्या मधल्या स्पेसरवर पिंपळपानाच्या शिरांसारख्या बारीक तपकिरी रेषा उमटलेल्या होत्या. बोटाने पुसल्या तर पुसल्या जात नव्हत्या. त्या रेषा म्हणजे ओल्या क्षारातून वाहिलेल्या गळतीच्या प्रवाहाने रेझिन जाळून केलेली कोळशाची वाट. ती एकदा पडली की धुऊन-वाळवून काही उपयोग नसतो, तो भाग बदलावाच लागतो. त्या बार्जचा हीटर, सांगायलाच नको, बंद होता.

प्रश्न : कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. समुद्रातील एका पवनऊर्जा प्रकल्पात ट्रान्सफॉर्मर टिकले नाहीत म्हणून सगळ्या पवनचक्क्यांचे डोके उतरवून किनाऱ्यावर आणावे लागले, असे आमच्या सरांनी सांगितले. हे खरे आहे का, की सांगोवांगी?

उत्तर : खरे आहे. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापासून १४ ते २० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, हॉर्न्स रेव्ह हा प्रकल्प २००२ मध्ये उभा राहिला. प्रत्येकी २ मेगावॉटच्या ८० पवनचक्क्या, एकूण १६० मेगावॉट. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खुल्या समुद्रात हे प्रथमच होत होते. प्रत्येक पवनचक्कीचा कोरडा ट्रान्सफॉर्मर वरच्या नॅसेलमध्येच, म्हणजे पात्यांमागच्या पेटीत बसवलेला होता. दोन वर्षांच्या आत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रे इतकी बिघडू लागली, की २००४ मध्ये ८० च्या ८० नॅसेल खाली उतरवून जहाजांवर चढवून किनाऱ्यावर दुरुस्तीला न्यावी लागली.

यावरून जमिनीवर वर्षानुवर्षे चाललेला ट्रान्सफॉर्मर समुद्रात दोन वर्षांत का हरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पवनचक्कीतल्या ट्रान्सफॉर्मरवर तीन गोष्टी एकाच वेळी येतात. वारा चढउतार करतो म्हणून भार सतत वरखाली होतो, त्यामुळे ताप आणि गारवा यांची चक्रे जमिनीवरच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा कितीतरी अधिक होतात, आणि रेझिन व तांबे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्याने बारीक चिरा पडण्याचा धोका असतो. नॅसेल हलते, म्हणजे थरथर आली. आणि गारव्यासाठी बाहेरची हवा आत घेतली, तर तिच्याबरोबर क्षार आला. यातले एकेक सोसणारे ट्रान्सफॉर्मर पूर्वीही होते. तिन्ही एकत्र सोसायचे आणि तेही जेथे दुरुस्तीचा माणूस हवामान बरे असेल तरच पोहोचतो अशा जागी, हा अनुभव नवा होता.

पुढे पवनचक्क्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६-१६ असे स्वतंत्र मानकच आले. समुद्रातल्या पवनचक्क्यांत आता बाहेरची हवा थेट ट्रान्सफॉर्मरवरून न फिरवण्याकडे कल आहे : आतली हवा किंवा द्रव बंद चक्रात फिरतो आणि कूलरमार्फत उष्णता बाहेर देतो. ज्यांनी हवा आत घेतली आहे ते ती गाळूनच घेतात.

आणखी एक उदाहरण डेन्मार्कचेच, निस्टेड प्रकल्पाचे. तेथे समुद्रातल्या उपकेंद्रातला मुख्य ट्रान्सफॉर्मर २००७ मध्ये बिघडला. पवनचक्क्या धडधाकट होत्या, वारा होता, पण वीज किनाऱ्यावर नेणारा ट्रान्सफॉर्मर एकच असल्याने तो दुरुस्त होऊन येईपर्यंत प्रकल्प काही महिने थांबून राहिला. त्यामुळे मोठ्या सागरी उपकेंद्रांत एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी दोन मध्यम ट्रान्सफॉर्मर ठेवण्याचा विचार अधिक गांभीर्याने होतो. आपल्याकडे गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या सागरी पवनऊर्जेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली आहे. आपण शिकून बाहेर पडाल तेव्हा हे प्रश्न आपल्याच टेबलावर येण्याची शक्यता बरीच आहे. खंबातच्या आखातात उत्तर समुद्रासारखी थंडी नाही, पण तेथली दमट उष्णता उत्तर समुद्राच्या अभियंत्यांनी कधी सोसलेली नाही.

प्रश्न : अलिबागला राहते, निवृत्त शिक्षिका आहे. आपण नेहमी ट्रान्सफॉर्मर कसा वाचवावा हे लिहिता. ट्रान्सफॉर्मरमधले तेल समुद्रात सांडले तर समुद्राचे काय, हे कोणी लिहीत नाही. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवरच्या फलाटांवर आणि जहाजांवर असे तेल असते का? त्यावर कायदा काय म्हणतो?

उत्तर : बाई, तक्रार मान्य. ‘पर्यावरण संरक्षण’ या शब्दांचा आमच्या धंद्यातला अर्थ उलटा आहे, हे खरे : आम्ही यंत्राचे पर्यावरणापासून संरक्षण म्हणतो.

जहाजाच्या आत बहुतांश ट्रान्सफॉर्मर कोरडेच असतात. त्यामागे समुद्राची काळजी कमी आणि आगीची भीती अधिक, कारण खनिज तेल साधारण १७० अंशांच्या आसपास पेट धरून जळत राहते आणि बंद इंजिन रूममध्ये अशी आग म्हणजे जहाज सोडण्याची वेळ. शिवाय तेलाच्या पातळीवर चालणारी संरक्षणसाधने, उदाहरणार्थ बुखोल्झ रिले, डोलणाऱ्या जहाजावर नीट चालत नाहीत. समुद्रातल्या मोठ्या उपकेंद्रांत आणि काही फलाटांवर मात्र क्षमताच इतकी मोठी असते, की द्रव लागतोच, आणि तो काही हजार लिटर असू शकतो.

कायद्याचे म्हणाल तर मार्पोल या, जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ‘तेल’ याचा अर्थ कोणत्याही रूपातील पेट्रोलियम असा दिला आहे, आणि त्यात शुद्ध केलेली उत्पादनेही आली. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे खनिज तेल हे कायद्याच्या नजरेत इंजिनच्या तेलाइतकेच तेल आहे. इंजिन रूमच्या तळाशी साचलेले पाणी समुद्रात सोडायचे तर त्यात तेल दशलक्षात १५ भागांपेक्षा अधिक असता कामा नये. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरखाली असा हौद किंवा ट्रे ठेवतात, की सगळे तेल गळले तरी त्यात मावून वर थोडी जागा राहील, कारण आग विझवताना मारलेले पाणीही त्यातच येते. उघड्यावरच्या हौदात पावसाचे पाणी साचून तो आधीच भरलेला असेल, तर त्याचा उपयोग शून्य. तपासणीत सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच.

दुसरा मार्ग तेलच बदलण्याचा. खनिज तेलाऐवजी एस्टर नावाचे द्रव वापरतात. त्यांत वनस्पती तेलापासून केलेले नैसर्गिक एस्टर आणि कारखान्यात घडवलेले कृत्रिम एस्टर असे दोन प्रकार आहेत. दोन्ही ३०० अंशांच्या वर पेट धरतात आणि दोन्ही जंतूंकडून लवकर विघटित होतात, म्हणून समुद्रातल्या प्रकल्पांत त्यांना पसंती मिळते. त्यांचा आणखी एक गुण आमच्या कामाचा आहे : खनिज तेलात २० अंशांना दशलक्षात साधारण ५५ भागच पाणी विरघळू शकते, तर कृत्रिम एस्टरमध्ये सुमारे २,६०० भाग. त्यामुळे आत आलेला ओलावा कागदाच्या इन्सुलेशनऐवजी द्रवात राहतो. पण ‘विघटनशील’ म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ विक्रेते सुचवतात तो मला पटत नाही. एस्टरही पाण्यापेक्षा हलके, तेही तरंगते, आणि समुद्रपक्ष्याच्या पिसांना चिकटताना ते शेंगदाण्यापासून आले की तेलविहिरीतून, हा फरक पक्ष्याला कळत नाही. एस्टर भरले म्हणून खालचा हौद लहान करू द्यायचा नाही.

सर्वांत वाईट द्रव मात्र आता इतिहासजमा होत आहे, किंवा व्हायला हवा. पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, हे एकेकाळी न पेटणारे तेल म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरत. ते निसर्गात मोडत नाही, मासळीच्या चरबीत साठते आणि मासळी खाणाऱ्याकडे येते. अशा घातक रसायनांविषयीच्या स्टॉकहोम करारान्वये उपकरणांतला त्याचा वापर २०२५ पर्यंत थांबवायचा आणि उरलेल्याची सुरक्षित विल्हेवाट २०२८ पर्यंत लावायची आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये आदेश काढून त्याचे उत्पादन आणि आयात बंद केली व वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची तारीख दिली. जुनी जहाजे तोडायला जातात तेथे हा प्रश्न खरा जिवंत आहे. गुजरातेत अलंग आणि आपल्याकडे मुंबईच्या दारूखान्यात कामगारांनी किती जुन्या जहाजांचे काय काय हाताळले असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. जहाज तोडण्याविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. त्याप्रमाणे जहाजावरील घातक पदार्थांची यादी जहाजाबरोबरच ठेवावी लागते, आणि त्या यादीत अॅस्बेस्टॉसच्या बरोबरीने पीसीबीचे नाव आहे.

प्रश्न : समुद्राच्या तळाशी ट्रान्सफॉर्मर ठेवतात असे ऐकले. तेथे पाण्याच्या दाबाने तो चेपत कसा नाही? (पुणे)

उत्तर : ठेवतात, तेल-वायूच्या विहिरींवरचे पंप आणि कॉम्प्रेसर चालवण्यासाठी. दर १० मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. तो दाब रोखण्यासाठी पेटी जाडजूड करत बसत नाहीत, तर टाकी द्रवाने काठोकाठ भरून तिला धातूचा लवचिक भाता जोडतात. बाहेरचा दाब भाता दाबतो आणि आतल्या द्रवाचा दाबही तेवढाच होतो. दोन्हीकडे सारखाच दाब, म्हणून चेपण्याचा प्रश्न उरत नाही. थंडावा भोवतीचे पाणी फुकट देते. कठीण काय, तर केबल आत शिरते ती जागा.

प्रश्न : रत्नागिरीत मासळी बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. स्वतःचा ११ केव्हीचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर उघड्यावर, किनाऱ्यापासून शंभर-दीडशे मीटरवर आहे. गेली तीन वर्षे मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात बुशिंगवर (तार टाकीत शिरते तेथल्या चिनी मातीच्या नळीवर) ठिणगी पडून तो ट्रिप होतो. भर पावसाळ्यात मात्र काही होत नाही. आमचा ट्रान्सफॉर्मर काही समुद्रावर नाही, तरी सागरी ट्रान्सफॉर्मर घ्यावा का?

उत्तर : आपण सांगितलेल्या तारखांतच उत्तर आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यापासून बुशिंगवर क्षार साचू लागतो आणि सात-आठ महिने तो धुतला जात नाही. मृगाच्या आधीची भुरभुर त्याला धुण्याइतकी जोरदार नसते, भिजवण्याइतकी मात्र असते, आणि भिजलेला क्षार म्हणजे चिनी मातीवर पसरलेली तार. पुढे धो धो पाऊस लागला की बुशिंग स्वच्छ होते आणि त्रास थांबतो. समुद्रावर ट्रान्सफॉर्मर नसला तरी समुद्र ट्रान्सफॉर्मरवर आहेच.

जहाजाचा ट्रान्सफॉर्मर आपल्याला नको. तो डोलण्यासाठी आणि कोंदट खोलीसाठी घडवलेला असतो. बदलायचे आहे ते बुशिंग. अतिप्रदूषित जागेसाठी पृष्ठभागावरचे गळतीअंतर (पृष्ठभागावरून वीज सरकण्याच्या वाटेची लांबी) दर केव्हीला ३१ मिलिमीटर धरण्याची रीत आहे. ११ केव्हीच्या व्यवस्थेचा कमाल दाब १२ केव्ही धरला तर ते ३७२ मिलिमीटर भरते. आपल्या बुशिंगचे अंतर निर्मात्याच्या कागदांत पाहा. निम्मे-पाऊण निघाले तर आश्चर्य वाटणार नाही. बुशिंग बदलेपर्यंत दर वर्षी मेच्या मध्यावर रीतसर शटडाउन घेऊन, परवानाधारक माणसाकडून ती धुऊन-पुसून घ्या. बर्फाच्या ऐन हंगामात अर्धा दिवस जाईल, पण ट्रिप होऊन रात्री दोन वाजता जातो तेवढा जाणार नाही.

दुसरी गोष्ट गंजाची. खुल्या किनाऱ्यावरची हवा आयएसओच्या वर्गवारीत सी-५ मध्ये मोडते, तेथे जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजते. ऐन समुद्रातल्या सीएक्स वर्गात ८.४ ते २५. जाड पोलादावरचा ८५ मायक्रॉनचा जस्ताचा थर आपल्याकडे ढोबळमानाने १० ते २० वर्षे टिकेल, तोच फलाटावर साडेतीन ते दहा वर्षांत संपेल. त्यामुळे रेडिएटरच्या पातळ पंखांना (फिन) जस्तावर रंगही हवा, आणि गंज प्रथम दिसतो तो पंखांच्या खालच्या वेल्डपाशी, जेथे वाकून पाहायचा आपल्याला कंटाळा येतो.

आणि ब्रीदर पाहा. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरलाही श्वास असतो, आणि तो सिलिका जेलच्या नळीतून घेतला जातो. जेल निळ्याचे गुलाबी झाले असेल, किंवा नव्या प्रकारात नारिंगीचे हिरवे, तर ते ओलावा धरून धरून थकले आहे. कोकणात ते पावसाळ्याच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा बदलावे लागते. नळीच्या तळाशी छोटी वाटी असते, तिच्यात खुणेपर्यंत तेल हवे. ती वाटी कोरडी असेल तर जेल कितीही ताजे असले तरी चार दिवसांत गुलाबी होईल. बहुतेक ठिकाणी ती कोरडीच सापडते.